धावपट्टीवरचा बांध

कुंडलिक मासाळ सकाळी उठला की आधी धावपट्टी बघून येत असे, चहा त्यानंतर. पट्टी किलोमीटरभर लांब, डांबरी, जागोजाग तडकलेली. भेगांतून कुंदा आणि हराळी वर यायची. ती खुरप्यानं काढायची, पोत्यात भरायची आणि पोतं पट्टीपासून लांब नेऊन रिकामं करायचं. शेळ्या शिरल्या असतील तर हाकलायच्या, कुत्र्यांनी हाडूक आणून टाकलं असेल तर उचलायचं. खोलीजवळच्या खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी होती. ती फाटली की साखरेच्या पोत्याची नवी शिवून चढवायची. नोकरीला लागल्यापासून तो हे करत आला होता. त्यातल्या गेल्या वीसेक वर्षांत त्या पट्टीवर एकही विमान उतरलं नव्हतं.

मंगळवेढ्याहून भीमेकडं जाताना काळ्या रानातून एक फाटा फुटतो. ज्वारीची रानं संपून ऊस लागतो, मग सहकारी साखर कारखान्याची चिमणी दिसते. पट्टी कारखान्याच्याच मालकीची, चिमणीपासून चांगली लांब. पहिल्या चेअरमनसाहेबांनी ती बांधून घेतली होती. उसावर पायरिला नावाची कीड पडायची तेव्हा औषध फवारणारं छोटं विमान तिथं उतरायचं, आणि अधूनमधून मुंबईचे पाहुणे. चेअरमनसाहेबांनी कुंडलिकला वॉचमन म्हणून तिथं ठेवलं आणि सांगितलं, "पट्टी मोकळी ठेव. कधी कोण उतरेल, सांगता येत नाही." पुढं ते वारले. त्यांच्यानंतरचे चेअरमन गाडीनं फिरणारे. फवारणीचं विमान बंद झालं. कुंडलिकला दिलेला हुकूम मात्र कुणी मागं घेतला नाही, कारण तो दिला होता हेच कुणाच्या ध्यानात नव्हतं. तो निवृत्त झाला तेव्हा टाइम ऑफिसात नारळ आणि शाल मिळाली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पट्टीवर गेला. त्याच्या जागी दुसरा माणूस आला नाही, आणि खोली रिकामी कर असंही कुणी म्हणालं नाही.

बायको बजाबाई सुरुवातीला त्याच्याबरोबर तिथंच राहिली. नळ नव्हता, शेजार नव्हता, दिवस मावळल्यावर बोलायला माणूस नव्हतं. मुलगा सिदू सोलापुरात गारमेंटच्या कामाला लागला. त्याला कुंभारीच्या कामगार वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या, तेव्हा ती त्याच्याकडं गेली. भांडून गेली नाही.

"तुमी बसा विमानाची वाट बगत," ती म्हणाली, "मी जाते नातवंडांत."

तेव्हापासून फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "आलं का विमान?" कुंडलिक "न्हाय अजून" म्हणे. मग ती सून, नातवंडं, गल्लीतलं लग्न, कुणाचं तरी ऑपरेशन असं सांगत राही. त्याच्याकडं सांगण्यासारखं फार नसे. शेळ्या येऊन गेल्या, एवढंच.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर, उसाचं गाळप सुरू झालेलं असताना, एक जीप पट्टीवर आली. आतून तिशीतला एक माणूस उतरला. त्याच्या हातात काही नव्हतं आणि त्यानं कुंडलिकला काही विचारलंही नाही. तो सरळ पट्टीवर चालत गेला आणि पार दुसऱ्या टोकाला जाऊन आला. आल्यावर म्हणाला, "मामा, ही पट्टी एवढी साफ कशी काय?"

"ठेवलीया म्हणून," कुंडलिक म्हणाला.

त्याचं नाव संगमेश. मूळचा अक्कलकोटचा, घरात कन्नड, शाळेत मराठी आणि आता बेंगळुरूच्या एका कंपनीत इंजिनीयर. कंपनी लहान होती आणि एकच विमान बनवत होती: अगदी थोड्या जागेत उतरणारं आणि तेवढ्याच जागेतून उडणारं मालवाहू विमान. चाचण्यांसाठी त्यांना गर्दीपासून लांब, रिकामी पट्टी हवी होती. परवानग्या मिळाल्या, कारखान्यानं हंगामापुरती पट्टी दिली, आणि महिनाभरात विमान ट्रेलरवरून आलं, बरोबर कंपनीची चार-पाच पोरं. पंख वेगळे, धड वेगळं, ताडपत्रीत गुंडाळलेलं. पत्र्याची शेड उभारून तिच्यात त्यांनी ते जोडलं. जोडून बाहेर काढलं त्या सकाळी कुंडलिकनं त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"ह्ये उडनार?"

"उडलंय मामा, बेंगळुरात."

"गाभण म्हशीवानी दिसतंय की."

"पोटात माल घ्यायचाय, मग पोट मोठंच पाहिजे ना री." संगमेशच्या मराठीत असा एखादा कानडी 'री' येऊन बसायचा.

"आन् पंख्यं आट? विमानाला दोन पुरत्यात."

विमानाचे पंख धडाच्या वर, छपरासारखे आडवे बसवलेले होते आणि त्यांच्या पुढच्या कडेला ओळीनं आठ छोटे पंखे होते, विजेच्या मोटारींवर चालणारे. पोट जमिनीला लागेल इतकं खाली. मागचा दरवाजा पाडला की त्याचाच उतार व्हायचा आणि पोती पाठीवर घेऊन माणूस थेट आत चालत जायचा. क्रेन नको, फलाट नको. चाकं जाड, मऊ टायरची, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांसारखी. वैमानिकाची काचेची खोली पोटाच्या वर पुढं आलेली. देखणं म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

चालवणारे सोमशेखर सोलापुरातच वाढलेले, हवाई दलातून निवृत्त, पांढऱ्या मिशांचे. त्यांची बरीच नोकरी ईशान्येकडं मालवाहू विमानांवर झाली होती. ते कमी बोलत. पण विमानांविषयी विचारलं की सांगत. पहिल्या दिवशी त्यांनी पट्टीवरून चालत एक खडा उचलला, खिशात टाकला आणि कुंडलिकला म्हणाले, "एकच सापडला. नोकरीत एवढी साफ पट्टी फार बघितली नाही."  त्या संध्याकाळी बजाबाईचा फोन आला तेव्हा तिनं विचारायच्या आत त्यानं सांगून टाकलं, "आलंय."

"काय आलंय?"

"विमान."

 मग ती म्हणाली, "जेवला का तुमी?"

पहिल्यांदा ते उतरलं त्या सकाळी वारा पूर्वेकडून होता, हिवाळ्यात असतो तसा. कुंडलिकची खोली पश्चिमेच्या टोकाला. विमान खोलीच्या वरून आलं, जिन्यावरून उतरावं तसं तिरकं, आणि इतकं हळू की आता पडतंय असं त्याला वाटलं. चाकं दणकन टेकली, पंख्यांचा सूर बदलला, आणि पट्टीच्या मध्याच्या बरंच अलीकडं ते थांबलं. औषध फवारणारं छोटं विमानसुद्धा त्याच्या आठवणीत याच्या पुढं जायचं.

सगळे तिकडं धावले. कुंडलिक खोलीत गेला. कारखान्यात उसाचा रस निवळायला चुना वापरतात. त्यातलं अर्धं पोतं त्याच्याकडं पडून होतं. घमेल्यात चुना घेऊन तो आला आणि विमानाचं पुढचं चाक जिथं थांबलं होतं तिथं पट्टीवर आडवी पांढरी रेघ मारली. जत्रेत लांब उडीच्या वेळी पोरगं जिथं टेकतं तिथं मारतात तशी.

"हे काय मामा?" संगमेशनं विचारलं.

"खूण. उद्या कळंल की म्होरं गेलं का मागं आलं."

"आमच्याकडं मोजायचं यंत्र आहे."

"आसू द्या. ह्ये डोळ्याला दिसतंय."

सोमशेखर हसले. "राहू दे. मला वरून दिसेल."

तेव्हापासून रोजचं झालं. विमान उतरलं की सगळे आधी रेघेकडं बघत. रेघेच्या अलीकडं थांबलं तर शिट्ट्या, पलीकडं गेलं तर सोमशेखरना चिडवणं. उडीत जो लांब जाईल तो जिंकतो. इथं उलटं होतं, जो कमी जाईल तो. कुंडलिक जुनी रेघ पायानं पुसून नवी मारी. रेघ खोलीच्या दिशेनं सरकत चालली.

उड्डाणं सकाळीच होत. ऊन चढलं की हवा विरळ होते, विरळ हवेत पंखाला पकड कमी मिळते, आणि विमानाला जास्त धावावं लागतं. सोलापूरच्या दुपारी तर विचारायलाच नको. म्हणून दुपारी काम शेडमध्ये. संध्याकाळी मात्र सगळे कुंडलिकच्या खोलीपुढं जमत. तो चुलीवर ज्वारीच्या भाकरी करायचा, ठेचा करायचा. पौषात मंगळवेढ्याकडच्या भावानं कणसं पाठवली तेव्हा त्यानं गोवऱ्यांचा आर करून सगळ्यांना हुरडा भाजून दिला. बेंगळुरूच्या पोरांना तो कसा चोळून खायचा हे कळेना. तोंडं काळी करून घेतली. वर्षानुवर्षं न बोललेला कुंडलिक त्या दिवसांत इतकं बोलला, की त्याचा घसा बसला.

अशाच एका संध्याकाळी त्यानं संगमेशला विचारलं, "आट पंख्यांचं कळलं न्हाय अजून."

"मामा, विमान वर कशानं जातं?"

"इंजिनानं."

"इंजिन पुढं ढकलतं फक्त. वर उचलतो तो पंख. आणि पंखाला वारं लागतं. वारं कुठून आणायचं? विमान धावलं की मिळतं. म्हणून लांब पट्टी. जितकं जड विमान, तितकं जास्त धावायचं." संगमेशनं तळहात आडवा धरून दाखवला. "आता ह्याच पंखावर आमी पंखे लावून वारं मारलं तर? विमान हळूच चाललंय, पण पंखाला वाटतं जोरात धावतोय."

कुंडलिकनं स्वतःचा तळहात तसाच धरून बघितला. मग म्हणाला, "खळ्यावर वारं पडलं की ज्वारी उपणता येत न्हाय. मग मोटरचा पंखा लावत्यात आता. तसंच की."

"हौदु! तसंच."

"म्हंजी आपलं वारं आपुनच घालायचं."

सोमशेखर म्हणाले, "रशियात एक मालवाहू विमान आहे. त्याची दोन्ही इंजिनं पंखाच्या वर, दोन कानांसारखी. इंजिनाचा झोत पंखाच्या पाठीला चिकटून वळतो आणि खाली जातो. चमच्याच्या पाठीवर नळाची धार सोडली की वळते ना, तसा. इंजिन वर असलं की खालचे दगड-माती आत खेचत नाही, हा आणखी फायदा. अशी विमानं डांबरावर नाही, मातीवर उतरायला केलेली असतात."

"आन् उतरल्यावर थांबतंय कसं येवढ्यात?"

"पंख्यांची पाती उलटी वळवतो, की वारं पुढं ढकलतात. पंखाची मागची कड खाली सोडलेली असते, ती लगेच वर घेतो. मग पंख उचलत नाही, सगळं वजन चाकावर बसतं आणि ब्रेक पकडतो. एक मात्र आहे, उतरायचं ते ठरलेल्या जागीच. अरुणाचलात दरीत पट्ट्या आहेत, समोर डोंगर. एकदा खाली आलं की परत वर जाणं नाही. तिथं लांब गेलं, तर गेलं."

कुंडलिकला हे शेवटचं वाक्य आवडलं. त्यानं ते फोनवर बजाबाईला सांगितलं. "तिकडं लांब गेलं तर गेलं. म्हणून ह्ये जवळ थांबायला शिकतंय."

"मग चांगलंय की," ती म्हणाली. "कवा बोलवताय मला बगायला?"

तिनं असं विचारलं हे पहिल्यांदाच. तो म्हणाला, "जरा सरावू दे त्येला. येकदम बारक्या जागेत उतरलं की बोलवतो."

रेघेचं एक अवघड होतं. चुना वाऱ्यानं उडायचा, आणि पंख्यांच्या झोतानं तर रोजच. कुंडलिकनं दगड आणायचं ठरवलं. सोमशेखरनी बजावलं, पट्टीवर खडासुद्धा नको. मग त्यानं पट्टीच्या बाहेर, दोन्ही बाजूंच्या मोकळ्या रानात, रेघेच्या ओळीत दगड मांडले. विमानं घसरली तर लागावी म्हणून दोन्ही बाजूंनी बरीच जमीन तशी सोडलेली होती. मांडायला घेतल्यावर त्याला थांबवेना. दगड निवडून, बसते करून, चुन्यानं पांढरे करून त्यानं ओळ तारेच्या कुंपणापर्यंत नेली, एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत. सोमशेखर उतरल्यावर म्हणाले, वरून लांबूनही दिसते. रेघ सरकली की कुंडलिक दगड उचलून सगळी ओळ सरकवायचा. कंबर धरायची, पण त्याला ते काम वाटत नसे. रेघ आता खोलीच्या इतकी जवळ आली होती, की दारात उभं राहून चाकाची नक्षी दिसायची.

सुरू उसाच्या, म्हणजे थंडी सरताना लावायच्या उसाच्या, लागणीचे दिवस आले. कारखान्याचा शेतकी अधिकारी पृथ्वीराज मोटरसायकलवरून पट्टीवर आला. तरुण, कृषीचा पदवीधर, कामाचा माणूस. चेअरमनांनी त्याला बेणेमळ्यासाठी, म्हणजे सभासदांना द्यायच्या बियाण्याच्या उसासाठी, जागा शोधायला सांगितलं होतं. तो दगडांच्या ओळीशी थांबला.

"मामा, हा बांध कुणी घातला?"

"बांद न्हाय सायेब. विमान कुटं थांबलं, त्येची खूण हाय."

"या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत?"

"व्हय. लांबनं दिसावी म्हणून."

पृथ्वीराजनं ओळीच्या पलीकडं पाहिलं. पट्टीचा बहुतेक सगळा भाग पलीकडंच होता. रिकामा, साफ, मध्ये डांबर आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन.

"आणि याच्या पलीकडं काय लागतं त्यांना?"

"काय न्हाय," कुंडलिक अभिमानानं म्हणाला. "पलीकडं जातच न्हाय ते आता. येवढ्यात खेळ."

पृथ्वीराजनं मोबाइलवर दगडांच्या ओळीचा फोटो काढला, पलीकडचाही काढला, आणि शेडमध्ये संगमेशकडं गेला. कुंडलिक ओळीजवळच उभा राहिला. त्या भागात जन्मलेल्या कुणालाही त्यानं काय केलं होतं ते कळलं असतं. रानात आडवी दगडाची ओळ घातली की तो बांध, आणि बांधाच्या पलीकडचं आपलं नसतं. त्यानं स्वतः भावाबरोबर वाटणी झाली तेव्हा असाच बांध घातला होता. पृथ्वीराज मोटरसायकलवर बसून जाईपर्यंत मात्र हे त्याच्या डोक्यात आलं नाही. आलं तेव्हा त्यानं वाकून एक दगड उचलला, आणि थोड्या वेळानं परत होता तिथंच ठेवला.

संगमेशनं लपवलं नाही. संध्याकाळी येऊन सांगितलं, "मामा, त्यांनी विचारलं किती लागते. खोटं कसं सांगू? दगडांच्या पुढं तेवढीच जागा आणखी सोडा म्हटलं, धोका नको म्हणून. बाकीची आम्हाला नाही लागत."

"म्हंजी नांगरणार?"

"ऊस लावणार म्हणे."

"आन् दुसरं विमान आलं तर? मोटं?"

 वीस वर्षांत आलं नव्हतं, हे संगमेशलाही माहीत होतं.

चेअरमन स्वतः चाचणी बघून मग ठरवणार होते. आदल्या संध्याकाळी कुंडलिक सोमशेखरांकडं गेला. ते विमानाच्या चाकाशी बसले होते.

"कॅप्टनसायेब, येक काम हुतं."

"बोल."

"उद्या जरा लांब घ्या की."

त्यांना कळलं नाही. "काय लांब घेऊ?"

"उतरल्यावर. येकदाच. दगडाच्या पलीकडं, लई पलीकडं जाऊन थांबा. चेअरमन बगतील की येवढी पट्टी लागतीया म्हणून."

सोमशेखर उठून उभे राहिले. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. "कुंडलिक, कंपनीची माणसं येणार आहेत उद्या बेंगळुरूहून. हे विमान कशासाठी आहे? थोडक्यात थांबतं यासाठी. ते लांब गेलं तर उद्याच्या उद्या गुंडाळून नेतील. मग पट्टी पण गेली आणि विमान पण."

"आन् थोडक्यात थांबलं तर?"

"तर विमान राहील."

"हितं?"

सोमशेखरनी चाकावर हात ठेवला, काढला. "हितंच राहील असं नाही म्हणता येत," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी विमान दगडांच्याही बरंच अलीकडं थांबलं. चेअरमननी टाळ्या वाजवल्या. कुंडलिकनं रेघ मारली नाही, आणि त्या दिवशी ती मारली नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आठवड्यात जेसीबी आला. ठरल्याप्रमाणं दगडांच्या पुढं तेवढंच अंतर सोडून त्यानं पट्टी उकरायला घेतली. डांबराचे पापुद्रे निघाले, खालचा मुरूम निघाला. तो उसाच्या गाड्यांच्या रस्त्यावर पसरायला नेला. खाली काळी माती तशीच होती, इतकी वर्षं झाकलेली. पृथ्वीराज म्हणाला, अशी विसावलेली जमीन तालुक्यात मिळायची नाही. सऱ्या पडल्या, पाणी फिरलं, बेणं लागलं. कुंडलिक सकाळी उठून बघायला जाई, पण आता फेरी लगेच संपायची. चहा लवकर होऊ लागला.

तरीही त्यानं बजाबाईला बोलावलं. शेवटच्या चाचणीचा दिवस होता. औषधाची खोकी आणि ज्वारीच्या बियाण्याची पोती घेऊन विमान मंगळवेढ्याजवळच्या एका मुरमाच्या रस्त्यावर उतरणार होतं. तो रस्ता पोलिसांनी तेवढ्यापुरता बंद केला होता. परत यायचं नव्हतं. तिथंच पंख काढून ट्रेलरवर चढवणार आणि बेंगळुरूला नेणार. पुढच्या चाचण्या डोंगरात. संगमेश म्हणाला, "तिथं पट्टीच नाही मामा. म्हणून तर हे विमान."

बजाबाई कुंभारीहून निघून सोलापूरला आली, मंगळवेढ्याची एसटी धरली, पुढं जीप आणि फाट्यापासून चालत. कुंडलिकनं सांगितलं होतं, ऊन चढायच्या आत ये. एसटी उशिरा सुटली. तो कुंपणापाशी उभा राहून फाट्याकडं बघत होता. शेडमधून विमान बाहेर आलं, पोती आत गेली, दरवाजा वर घेतला. त्यानं संगमेशला विचारलं, "जरा थांबता का? घरचं मानूस येतंय."

"रस्ता बंद केलाय मामा तिकडं. सगळी खोळंबली आहेत."

विमान पट्टीच्या टोकाला उभं राहिलं. ब्रेक धरून पंखे पूर्ण जोरात सोडले, तेव्हा ते जागच्या जागी थरथरलं. मग सुटलं, चार बैलगाड्या ओळीनं उभ्या राहाव्या एवढं धावलं न धावलं, आणि उचललं गेलं. नाक वर करून ते उसाच्या शेंड्यांवरून गेलं आणि चिमणीच्या बाजूला वळलं. पट्टीवर धूळ खाली बसायच्या आत आवाजही राहिला नाही.

बजाबाई तेव्हा उसातल्या गाडीवाटेनं येत होती. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. ती येऊन पोचली, पदरानं तोंड पुसलं, पट्टीकडं बघितलं.

"कुटंय?"

"गेलं."

"कवा?"

"आत्ताच. तुला आवाज न्हाय आला?"

"कायतरी घरघरलं. मला वाटलं, कुनाची तरी गिरण चालू झाली." ती खोलीच्या पायरीवर टेकली. "लगीच गेलं?"

"लगीच जातंय ते. तेच त्येचं वैशिष्ट्य हाय."

तिनं त्याच्याकडं बघितलं. हसावं की काय करावं, हे तिलाही कळलं नसावं. तिनं पिशवीतून शेंगाचटणी आणि बाजरीच्या भाकरी काढल्या. दोघं जेवले. पोरं शेडचे पत्रे काढत होती, नट-बोल्ट डब्यात टाकत होती. संगमेश निरोप घ्यायला आला, बजाबाईच्या पाया पडला, कुंडलिकच्याही पडला आणि म्हणाला, "बेंगळुरूला या मामा." कुठं यायचं ते त्यानं सांगितलं नाही, आणि कुंडलिकनंही विचारलं नाही. जीप गेली. दुपारच्या गाडीनं बजाबाईही गेली. जाताना म्हणाली, "चला माज्याबरोबर." तो म्हणाला, "हाय तेवडी तरी बगायला पायजे की." फाट्यापर्यंत तो तिला सोडायला गेला. येताना रस्त्यावर कुणी भेटलं नाही.

उरलेल्या तुकड्याचा निकाल हंगाम संपता संपता लागला. पृथ्वीराज आला, या वेळी जीपनं. पुढच्या गाळपाला उसाचे ट्रॅक्टर-ट्रॉल्या थांबवायला कारखान्याच्या आवारात जागा पुरत नव्हती. आयतं डांबर मिळालं होतं. त्यानं चांगल्या मनानं सांगितलं, "वाहनतळावर माणूस लागेलच मामा. तुम्हीच थांबा. खोली आहे, सवय आहे. ड्रायव्हर लोक असतील, एकटं वाटायचं नाही."

"ट्रॅक्टर उभं राहणार पट्टीवर?"

"हो. रांगेनं."

"भरल्यालं?"

"भरलेले, रिकामे, दोन्ही."

 कुंडलिकला आयुष्यात एकच काम सांगितलं गेलं होतं आणि ते त्यानं केलं होतं. हे काम त्याच्या नेमकं उलटं होतं. "न्हाय जमायचं सायेब," तो म्हणाला. पृथ्वीराजला वाटलं, वयामुळं म्हणतोय. त्यानं आग्रह केला नाही.

सिदू टेम्पो घेऊन आला. सामान थोडंच होतं. खाट, ट्रंक, भांडी. कुंभारीच्या दोन खोल्यांत सिदू, सून, दोन नातवंडं आणि बजाबाई आधीच होती. कुंडलिकची खाट पुढच्या खोलीत दाराआड बसली. दिवसा ती उभी करून ठेवावी लागे. वसाहतीत एकासारखी एक घरं, गल्लीत दिवसभर माणसं. तो पहाटेच उठायचा, दार उघडून बाहेर बघायचा आणि परत आत येऊन बसायचा. सून म्हणायची, "मामा, येवढ्या लवकर कशाला उठता?" नातवंडं त्याला आजोबा म्हणायची, पण गोष्टी ऐकायला आजीकडं जायची. त्यांची ओळख होती ती तिच्याशी.

समोरच्या घरात गुरुबसप्पा राहायचे, गिरणीतून निवृत्त झालेले. एका सकाळी ते पायरीवर येऊन बसले.

"तुमी कुठं होता म्हणे नोकरीला?"

"कारखान्यावर. विमानाच्या पट्टीवर."

"होटगी रोडच्या विमानतळावर?"

"न्हाय. मंगळवेढ्याकडं. कारखान्याची हुती."

"साखर कारखान्याला विमान?" गुरुबसप्पा हसले. "काय तरी सांगता. उसात विमान?"

"हुतं. मालाचं. आट पंख्यांचं. येवड्याशा जागंत उतरायचं." कुंडलिकनं हातानं गल्लीची लांबी दाखवली, दाखवताना त्यालाच ती फार थोडी वाटली. गुरुबसप्पांनी गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं आणि पुन्हा हसले, या वेळी जरा समजूतदारपणे.

दारात बजाबाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "हुतं की विमान. मी बगून आलीया."

"तुमी बघितलं?" गुरुबसप्पांनी विचारलं. "उडताना?"

"व्हय. माज्या डोळ्यांदेखत गेलं."

"मग असंल बाबा," गुरुबसप्पा म्हणाले, आणि तंबाखू आहे का म्हणून विचारलं.

कुंडलिकनं डबी काढून त्यांच्या हातात दिली. त्यानं बायकोकडं पाहिलं. ती तांदळातले खडे वेचून एकेक बाजूला टाकत होती आणि त्याच्याकडं बघत नव्हती. विमान कसं दिसत होतं, कुठून वळलं, पंख्यांचा सूर कसा बदलला, हे कुणाला तरी विचारून पडताळून बघावं असं त्याला किती दिवस वाटत होतं. आता बघितलंय असं सांगणारं एक माणूस घरात होतं, आणि तिलाच ते विचारता येणार नव्हतं.